सागवानाच्या मुलखातील स्थितिशास्त्र

मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्याच्या सातव्या खंडातील खांब 21 ऑक्टोबर 2023 रोजी खचले, तेव्हापासून आलापल्लीच्या चौकात स्थापत्यशास्त्राची जेवढी चर्चा झाली तेवढी त्यापूर्वीच्या अर्धशतकात झाली नसेल. सिरोंचा तालुक्याला भिडून वाहणाऱ्या गोदावरीवर उभारलेल्या आणि 21 जून 2019 रोजी मोठ्या समारंभाने सुरू झालेल्या या बंधाऱ्याच्या पायाखालची वाळू प्रवाहाबरोबर निघून गेली, असा निष्कर्ष राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने काढला. नियोजन, आराखडा, कामाची गुणवत्ता आणि देखभाल या साऱ्यांतच तिला उणिवा आढळल्या. त्याच सुमारास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, शेजारच्या एका होतकरू मुलास मी म्हटले, ‘‘बाळ, तो खांब एकटा बाजूला काढ आणि त्यावर कोणकोणती बले येतात ते कागदावर दाखव.’’ त्याने नम्रपणे विचारले, ‘‘सर, यावर परीक्षेत प्रश्न कसा येतो?’’ मुलगा बुद्धिमान आहे, कष्टाळू आहे आणि म्हणूनच त्याचे ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले आहे.

आलापल्ली ज्यात होते त्या आमच्या चांदा जिल्ह्याचे नाव 1964 साली चंद्रपूर झाले, 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, आणि माझी अध्यापनाची पुढील वर्षे हजेरीपट, गुणपत्रके व तपासणीची दप्तरे यांत गेली. त्यांविषयी लिहावे असे फारसे काही नाही. लिहायचे आहे ते सत्तरच्या दशकाविषयी, कारण गणित सोडविणे म्हणजे काय याचा उलगडा मला त्या दशकात झाला.

त्या काळी आलापल्लीच्या लाकूड आगारात सागाच्या थप्प्या दूरवर पसरलेल्या असत, सरकारी आरागिरणीचा घरघराट गावभर ऐकू येई आणि जंगलातून ओंडके ओढून आणण्यास हत्ती राबत. शाळा सुटली की आम्ही मुले आगाराच्या कुंपणाशी उभी राहत असू. पहारीखाली दगडाचा टेकू ओंडक्याच्या जितका जवळ सरकवावा तितके थोड्या बळात काम होते, हे तेथील गोंड आणि माडिया मजुरांना कोणी शिकविले नव्हते. ट्रकला दोन वासे तिरपे लावीत, दोराचे एक टोक वर ट्रकला बांधीत, दोर ओंडक्याखालून फिरवून दुसरे टोक वरून ओढीत, आणि ओंडका त्या वेढ्यात गडगडत वर चढे. दोराचे एक टोक बांधलेले असल्याने निम्मा भार तेच टोक सोसते, म्हणजे ओढणाऱ्याच्या हातावर निम्माच ताण येतो. पुढे चलकप्पीचे प्रकरण वाचताना मला ते तात्काळ ओळखीचे वाटले, ते या दृश्यामुळे.

परंतु नागपुरात ज्या वर्गात मी दाखल झालो तेथे या ओळखीला किंमत नव्हती. एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून सोडविलेली गणिते उतरवून देत. वहीतला क्रम जशाचा तसा लिहिणाऱ्यास पूर्ण गुण आणि स्वतःच्या विचाराने आकृती काढणाऱ्यास, शेवटच्या आकड्यात किंचित चूक झाल्यास, शून्य, असा त्यांचा दंडक होता. त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. पण त्या दंडकाने कित्येक चांगल्या मुलांना या शास्त्रापासून कायमचे दूर केले, हे माझे मत इतक्या वर्षांनीही बदललेले नाही. त्यात एककांचा गोंधळ निराळाच होता. जुन्या इंग्रजी ग्रंथांत पौंड व इंच, वर्गात किलोग्रॅम व सेंटिमीटर, आणि नव्या पुस्तकांत न्यूटन. लॉगॅरिथमचे कोष्टक आणि स्लाइडरूल हीच काय ती साधने.

सुदैवाने दुसरे एक अध्यापक लाभले, ज्यांनी पहिल्या सत्रात उत्तर मागितलेच नाही. वस्तू तिच्या आधारांपासून मनाने सोडवावी, प्रत्येक तुटलेल्या आधाराच्या जागी त्याची प्रतिक्रिया काढावी, वजन काढावे, आणि मगच आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, परिबलांची बेरीज शून्य, ही तीन समीकरणे मांडावीत. आकृती अपुरी असेल तर समीकरणाकडे ते पाहतच नसत. आधारांच्या प्रतिक्रिया मिळाल्या की तुळई मध्येच कापली आहे असे कल्पून त्या छेदावर आतून कोणते बल आणि कोणते नमन परिबल कार्य करते ते शोधावयाचे. स्थितिशास्त्रातून पदार्थांच्या बलाकडे जाण्याची वाट याच एका छेदातून जाते.

त्यांनी घातलेले एक गणित तर थेट आमच्या आगारातलेच होते: गोल ओंडक्यातून सर्वाधिक भार पेलणारी तुळई कशी कापावी? ओंडक्याच्या तोंडावर व्यास आखावा, त्याचे तीन समान भाग करावेत, दोन्ही विभाजनबिंदूंतून परस्परविरुद्ध दिशांना लंब काढावेत. ते परिघाला जेथे मिळतात ते दोन बिंदू आणि व्यासाची दोन टोके हेच तुळईच्या छेदाचे चार कोपरे. रुंदी व उंची यांचे प्रमाण एकास दोनाचे वर्गमूळ. साठ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यातून अशी तुळई सुमारे 34.6 सेंटिमीटर रुंद व 49 सेंटिमीटर उंच निघते. त्याच ओंडक्यातल्या चौरस तुळईपेक्षा तिच्यात लाकूड सुमारे सहा टक्के कमी आणि तिची नमनातली ताकद सुमारे नऊ टक्के अधिक. ज्या ओंडक्यांवर मी लहानपणी बसलो होतो त्यांच्या पोटात हे प्रमाण दडलेले होते, या जाणिवेने मला त्या रात्री झोप आली नाही.

गॅलिलिओने 1638 साली भिंतीत रोवलेल्या तुळईचे गणित मांडले तेव्हा ती खालच्या कडेभोवती फिरते आणि साऱ्या छेदावर सारखाच ताण पडतो असे धरले, त्यामुळे तिची ताकद स्थितिस्थापक सिद्धांताने येते त्याच्या तिप्पट आली. तुळईचा एक भाग ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि मध्ये उदासीन अक्ष असतो, ही मांडणी नाव्हिएच्या 1826 सालच्या ग्रंथात पक्की झाली. जे समजण्यास युरोपातील श्रेष्ठ बुद्धीला जवळजवळ दोन शतके लागली, ते आमच्या मुलाला एका तासिकेत सूत्र म्हणून फेकून द्यावे आणि त्याला समजले नाही म्हणून त्याला मंद ठरवावे, याहून मोठा अन्याय मला ठाऊक नाही.

आज साधनांची वाण नाही. चंद्रपुरात 1996 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, हातातल्या फोनवर प्रत्येक गणिताचे उत्तर आहे. पण कोरोनाच्या काळात परीक्षा घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या आणि आकृती काढण्याची जी सवय तेव्हा सुटली ती पुन्हा जडलीच नाही. चार पर्यायांतून एक निवडण्यास आकृती लागत नाही. आमच्या जंगलातील सागवान मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी गेले, त्याचा मलाही अभिमान वाटला. परंतु त्या सागाची फळी किती भाराने किती वाकते हे आलापल्लीच्याच विद्यार्थ्याने कधी हाताने मोजलेले नसावे, याचे दुःख त्या अभिमानाहून मोठे आहे.

वनविभागाने आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांनी मिळून यासाठी फारसा खर्च नसलेली तजवीज करावी. दहा सेंटिमीटर रुंद व वीस सेंटिमीटर उंच अशी सागाची पाटई चार मीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवावी, मध्यभागी 400 किलोचा भार टांगावा. पाटईचे स्वतःचे वजन सोडले तर तिच्या कडेवरील प्रतिबल दर चौरस सेंटिमीटरला 60 किलो येते, आणि तीच पाटई आडवी टाकली तर 120. पहिल्या वर्षाच्या मुलाने प्रथम तिची आकृती काढावी, प्रतिक्रिया काढाव्यात, मग दोन्ही वेळचा बाक फूटपट्टीने मोजावा. आडव्या पाटईचा बाक उभीच्या चौपट भरला, की मोमेंट ऑफ इनर्शियाचे सूत्र त्याने त्यानंतर वहीत लिहावे.