पानं नीट पिसा, रुसवे टाळा



गौरीच्या जागरणाला मेंढीकोटचा डाव रंगात येतो आणि कुणीतरी म्हणतं, "हिलाच बरा गं सगळा बदाम येतो!" झालं, खेळ थांबतो आणि बोलणं वाढतं. पत्त्यांवरचा असा रुसवा गटाच्या बैठकीपर्यंत पोचलेला आम्ही पाहिलाय. म्हणून आज पानं वाटण्याविषयी बोलू या.

बहुतेक वेळा लबाडी कुणीच केलेली नसते. बदामाची उतारी झाली की ज्यांच्याकडे बदाम आहे त्यांना बदामच टाकावा लागतो. त्यामुळे उचललेल्या हातात एकाच रंगाची तीन-चार पानं एकत्र येतात. डाव संपल्यावर ती तशीच गोळा होतात. मग वरवर पिसून पाच-चार-चार अशी वाटली, की तो जुडगा एकीच्याच पदरात पडतो. दोष पिसण्याचा, आळ मात्र बाईवर!

मग काय करायचं? 1992 साली बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं, की 52 पानांचे दोन भाग करून ती फर्रकन एकमेकांत सोडली, तर साधारण सात वेळा तसं करावं लागतं. आपण हातात पानं वरखाली करतो, त्यानं ती फार सावकाश मिसळतात. सोपा उपाय म्हणजे सगळी पानं चटईवर पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर चांगली कालवायची. आजींना आणि लहानग्यांनाही हे जमतं.

एकीनं पिसावं, दुसरीनं काटावं. पिसताना खालचं पान कुणाला दिसू देऊ नये. वाटताना एकेकच पान द्यावं, म्हणजे राहिलेला जुडगाही चौघींत फुटतो. पानं उचलण्याआधी प्रत्येकीनं 13 मोजून घ्यावीत. कमी-जास्त भरली किंवा वाटताना एखादं पान उलटं पडलं, तर पुन्हा पिसायचं. कोपरा दुमडलेलं पान पाठीवरूनही ओळखू येतं. तसा कॅट बाजूला ठेवा.

कित्येक घरी हरणाऱ्यानं पिसायचं अशी रीत आहे. तुमची रीत कोणतीही असो, ती पहिल्या डावाआधी सगळ्यांसमोर बोलून घ्या. मधेच नियम काढला, की तो कुणाच्या तरी सोयीचाच वाटतो.

आणि एक, पैसे लावू नका. चार घटका हसण्यासाठी बसलोय, उठतानाही हसतच उठू या!