भूखंड मालकाला, सहा वर्षांचा पगार कागदाला

दिल्लीच्या कारखान्यांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मुंबईत गिरणी कामगारांना वाऱ्यावर सोडलं, दिल्लीत कोर्टानं कारखाने हलवले, पण कामगारांचं पुनर्वसनही केलं." चांगली वाचणारी माणसं हे इतक्या खात्रीनं सांगतात, की चीड येते. कारण यातलं अर्धंच खरं आहे.

खरं अर्धं आधी सांगतो. प्रदूषणाविरुद्धच्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 8 जुलै 1996 रोजी 168 घातक कारखान्यांना 30 नोव्हेंबरपर्यंत दिल्लीतलं काम थांबवायला सांगितलं. कारखाना दुसरीकडे गेला तर नोकरी सलग धरायची, मधल्या काळाचा पगार द्यायचा आणि स्थलांतराचा बोनस म्हणून वर्षभराचं वेतनही द्यायचं, असं आदेशात होतं. मालकानं कारखाना हलवलाच नाही, तर कायद्यातल्या भरपाईवर आधी एक वर्षाचं, डिसेंबरमधल्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांचं वेतन. त्या काळात हे थोडं नव्हतं.

पण ते मिळायचं हजेरीपटावर नाव असलेल्याला. ठेकेदारानं आणलेला, पगाराची चिठ्ठी कधी न पाहिलेला माणूस आपण इथे राबलो हे सिद्ध कशानं करणार? आणि कारखाना 'हलला' म्हणजे कुठे गेला? बिर्ला टेक्स्टाइलनं हिमाचलातलं बद्दी गाठलं. दिल्लीत बिऱ्हाड, मुलांची शाळा असलेल्या कामगारांचा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकाकडे मात्र जमीन उरली. 10 मे 1996 च्या आदेशानुसार 10 हेक्टरांहून मोठ्या आवारापैकी 68 टक्के जागा सार्वजनिक वापरासाठी सोडायची होती. उरलेली 32 टक्के, वाढीव चटईक्षेत्रासह, मालकाला विकसित करता येणार होती. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींचं राजकारण पाहिलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

पुढची पाळी वस्त्यांमधल्या छोट्या कारखान्यांची. नोव्हेंबर 2000 मध्ये ते बंद करायला सुरुवात होताच मालक-कामगार दोघेही रस्त्यावर उतरले. त्यांच्यासाठी सरकारनं बवान्याला औद्योगिक वसाहत उभारली, आणि 'नवे रोजगार' म्हणून दाखवली जाते ती हीच. तिथला भूखंड कारखानदाराच्या नावावर होता. पूर्व दिल्लीतल्या विश्वासनगरच्या कामगारानं रोज शहर ओलांडून वायव्य टोकाला जायचं, तेही किमान वेतनाची खात्री नसताना? दरम्यान 2004 मध्ये यमुनेकाठच्या पुश्ता वस्तीतून उठवलेली कुटुंबं बवान्यात आणून टाकली होती. हाताला काम नसलेली, मिळेल त्या मजुरीला तयार असलेली ही माणसं वसाहतीच्या दाराशीच होती. त्या भागात रोजगार आला, हे खरं. तो ज्याचा गेला त्याला मिळाला नाही. सरकारी आकडेवारीत या दोन्ही गोष्टी एकाच बेरजेत जातात, आणि माझा राग आहे तो याच बेरजेवर. कामाची प्रत तर विचारूच नका : जानेवारी 2018 मध्ये याच वसाहतीत फटाक्यांच्या कारखान्याला आग लागून 17 जण गेले.

आणखी काही समज, थोडक्यात.

'सरकारच्या परवानगीशिवाय कंपनी बंद होत नाही.' ही अट 100 आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना होती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत मर्यादा 300 वर गेली. शिवाय बंद न म्हणताही बंद करता येतं : 3 जून 2020 ला साहिबाबादच्या अ‍ॅटलस सायकलच्या फाटकावर 'ले-ऑफ'ची नोटीस लागली.

'हरियाणात 75 टक्के नोकऱ्या स्थानिकांना.' पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तो कायदा नोव्हेंबर 2023 मध्येच घटनाबाह्य ठरवला.

'नोकरी गेली की सरकारकडून काहीच मिळत नाही.' मिळतं. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर राज्य कामगार विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्ता आहे. 2018 मध्ये आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 90 दिवसांपर्यंत मदत आहे. मात्र मालकानं विम्याची वर्गणी भरलेली असली पाहिजे. तेव्हा आज कामावर असाल, तर आपला विमा क्रमांक आहे का आणि वर्गणी जमा होते का, हे याच आठवड्यात पाहून घ्या.