ब्रेक चाकाच्या कडेला की आसापाशी?

चाकूर, अहमदपूर, लोहा करत लातूरहून नांदेडला जाणारा रस्ता सुमारे 140 किलोमीटरचा. लातूर बालाघाटच्या पठारावर, 600 मीटरच्या आसपास. नांदेड गोदाकाठी, 360च्या जवळपास. एवढाच काय तो उतार, आणि तोही चढणी घेत घेत लांबवर पसरलेला. आल्प्समधल्या वीस-वीस किलोमीटरच्या उतरणी डोळ्यांपुढे ठेवून दिलेला, आसापाशी चकती पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे काळी माती आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत, गावागणिक गतिरोधक आहेत. पहिली रोड बाइक घ्यायला निघालेल्या इथल्या पोरापोरींनी ब्रेकचा विचार या रस्त्यावर उभं राहूनच करावा, असं माझं ठाम मत आहे.

चाकाची कड, म्हणजे रिम, पकडणारा रिम ब्रेक पावसात लागत नाही, हा समज आपल्याकडे जुन्या काळ्या सायकलींपासून आहे. ॲटलस, हीरोच्या त्या सायकलींना सळयांचे ब्रेक असत. मूठ आवळली की सळया वर ओढल्या जात आणि रबराचे दोन तुकडे रिमला आतून टेकत. रिम पोलादी, वर चकचकीत मुलामा. ओल्या मुलाम्यावर रबर नुसतं सरकायचं आणि स्वार चप्पल घासत थांबायचा. आजच्या रोड बाइकची रिम ॲल्युमिनियमची असते आणि रबर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतं. दोन बिजागऱ्यांवर फिरणारा चिमटा 1990च्या सुमारास शिमानो कंपनीने रोड बाइकवर रुळवला, तेव्हापासून थोड्या जोरातही चाक नीट आवळता येऊ लागलं. या ब्रेकला जुन्या सायकलीच्या मापाने मोजणं अन्याय आहे.

तरी ओल्या रिमची अडचण खरीच आहे. ताशी 30 किलोमीटर वेगात चाक सेकंदाला जवळजवळ चार फेरे घेतं आणि एका फेऱ्यात दोन मीटरहून थोडं जास्त अंतर कापतं. रिमवरचं पाणी पुसायला रबराला नुसते दोन फेरे लागले तरी पकड येण्याआधी चार मीटर गेलेले असतात. समोरून म्हैस आडवी आली तर हे चार मीटर फार होतात. डिस्कची चकती रस्त्यावरच्या पाण्यापासून वर, आसापाशी असते. ती भिजली तरी पकड लवकर येते. मात्र त्यापुढे थांबवायचं काम टायरचं. ओल्या डांबरावर टायरच घसरला तर कुठलाच ब्रेक वाचवत नाही.

चकतीचा तोटा तिच्या आकारातच आहे. रिमवर रबर आसापासून 30 सेंटीमीटरवर पकडतं. 160 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पॅड पकडतो तो जेमतेम 7 सेंटीमीटरवर. चाक तेवढंच थोपवायचं तर घर्षण चौपट हवं. म्हणून तिथे कडक पॅड आणि भरपूर दाब लागतो, आणि तो दाब पोचवायला तारेपेक्षा तेल सरस. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो, पॅड झिजले तसे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. चांगला हायड्रॉलिक ब्रेक वापरून पाहिलेल्या माणसाला परत तारेवर यावंसं वाटत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

शर्यतींच्या जगात हा वाद मिटलाही. 2017च्या तूर द फ्रान्समध्ये मार्सेल किटेलने डिस्कवर टप्पा जिंकला, 1 जुलै 2018 पासून जागतिक सायकल महासंघाने रोड शर्यतींत डिस्कला कायमची परवानगी दिली, आणि शिमानोचा 12 गिअरचा ‘105’ नावाचा संच तर फक्त डिस्कसाठीच आला.

आपल्यासाठी डिस्क घेण्याचं याहून मोठं कारण मला टायरचं वाटतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्याबरोबर लाटांसारखं वरखाली होतं. त्यावर 25 मिलिमीटरचा टणक टायर म्हणजे मनगटांना आणि रिमला मार. रिम ब्रेकच्या चिमट्यातून साधारण 28पर्यंतचाच टायर जातो. डिस्कच्या फ्रेममध्ये 32 किंवा त्याहून जाड सहज बसतो. खड्ड्यात आपटून चाकात आउट आला तर रिम प्रत्येक फेऱ्याला रबराला घासते, आणि आउट काढल्याशिवाय पुढे जाणं अवघड होतं. डिस्कवर चाक थोडं वाकडं झालं तरी गाव गाठता येतं. गाळप हंगामात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांचा चिखल रस्त्यावर पडतो. तो टायर आणि चिमट्याच्या मध्ये साचतो, काडीने उकरावा लागतो. त्यातले खडे रबरात रुततात. रिम ब्रेकची सायकल असेल तर चाक काढून रबराची घासणारी बाजू उजेडात बघा: ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतात. ते सुईने काढले नाहीत, तर रबर रिमला खरवडत राहतं. रिमवर झिजेची खूण म्हणून कोरलेली बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम बदलायची वेळ आली.

आता दुरुस्ती. रिम ब्रेकची तार कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही बदलून देतो. हायड्रॉलिक डिस्कमध्ये हवा शिरली तर नळी, सिरिंज आणि योग्य तेल लागतं. शिमानोला खनिज तेल, दुसऱ्या काही ब्रेकना डॉट नावाचं तेल. एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली सीलं खराब होतात. आणि सगळ्यात मोठा धोका मायेच्या हाताचा. आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे धुणं आणि सगळीकडे तेल मारणं. चकतीवर तेलाचा शिंतोडा गेला तर पॅड बाद. चाक काढून सायकल रेल्वेत किंवा बसच्या टपावर टाकली आणि चकती मध्ये नसताना कोणी मूठ दाबली, की पिस्टन पुढे येतात आणि चाक परत बसत नाही. पॅडांच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवली तर हा त्रास टळतो.

स्वस्त सायकलींना तारेवरची डिस्क देतात. ती दिसायला रुबाबदार, पण त्यातल्या बऱ्याच एकाच बाजूचा पॅड ढकलतात आणि झीज हातानेच भरून काढावी लागते. त्याच पैशात हलकी फ्रेम, बरी चाकं आणि चांगला रिम ब्रेक मिळत असेल, तर लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या, सकाळी तासभर औश्याच्या रस्त्याला जाणाऱ्या मुलाने तो बिनधास्त घ्यावा. फक्त 28चा टायर बसतो का, एवढं दुकानातच बसवून बघावं. पावसाळाभर चालवणार असाल, लांबच्या राइडची हौस असेल आणि पैशांची सोय असेल, तर हायड्रॉलिक डिस्क घ्या, आणि तेल भरायला स्वतः शिका.

डिस्क घेतलीच, तर पहिल्याच दिवशी गर्दीत शिरू नका. नवे पॅड कोरे असतात, पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी 25पर्यंत वेग घ्यायचा, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं पंधरा-वीस वेळा. पॅडचा पातळ थर चकतीवर चढला की मुठीखाली ब्रेक घट्ट लागू लागतो.