कुंचल्याकडे परतलेला बीटल

सन १९६८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधले चार तरुण ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले, तेव्हा ज्या घरांत पाश्चात्त्य संगीताचा सूरही कधी उमटला नव्हता, अशा घरांतही ‘बीटल्स’ हे नाव जाऊन पोहोचले. त्यांतला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकला, याचेही आपल्याकडे कौतुक झाले. परंतु त्या चौघांच्या बरोबरीने एके काळी उभा असलेला, या वाद्यवृंदाला नाव मिळवून देण्यात ज्याचा वाटा होता, असा आणखी एक तरुण होता. कीर्ती उंबरठ्यापर्यंत येण्याआधीच त्याने गिटार खाली ठेवली आणि कुंचला हाती घेतला. त्याचे नाव स्टुअर्ट सटक्लिफ.

स्टुअर्टचा जन्म २३ जून १९४० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. महायुद्धाच्या काळात त्याचे कुटुंब लिव्हरपूल परिसरात येऊन स्थिरावले. वडील जहाजावरील नोकरीमुळे बराच काळ समुद्रावर असत. आई मिली शिक्षिका होती. घरात दोन धाकट्या बहिणी. साहजिकच या एकुलत्या एका मुलावर आईची सारी आशा होती. चित्रकलेची त्याची ओढ लहानपणीच दिसून आली आणि सोळाव्या वर्षी तो लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात दाखल झाला. तेथील गुणी विद्यार्थ्यांत त्याची गणना होऊ लागली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, त्या महाविद्यालयात एक उनाड, तल्लख आणि कोणालाही न जुमानणारा विद्यार्थी आला. तो जॉन लेनन. दोघांचे स्वभाव भिन्न. स्टुअर्ट मितभाषी, चित्रांत बुडालेला. जॉन बोलघेवडा, रॉक संगीताने भारलेला. तरीही दोघांची घट्ट मैत्री जमली, आणि पुढे ते एकाच बिऱ्हाडात राहू लागले.

१९५९ च्या अखेरीस लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत जॉन मूर्स या उद्योगपतीच्या नावाचे प्रतिष्ठित चित्रप्रदर्शन भरले. त्यात एकोणीस वर्षांच्या स्टुअर्टचे चित्र निवडले गेले, इतकेच नव्हे तर स्वतः मूर्स यांनी ते ६५ पौंडांना विकत घेतले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती, आणि मान तर त्याहून मोठा होता. पण दैवाची गंमत पाहा! चित्राने मिळवून दिलेल्या याच पैशांच्या जोरावर त्याने हॉफ्नर बनावटीची बेस गिटार आणली. जॉनच्या वाद्यवृंदाला बेस वाजवणारा हवा होता आणि मित्राचा आग्रह त्याला मोडवेना. ‘क्रिकेट्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या नावावरून कीटकाचेच नाव घ्यावे, ही कल्पना जॉन आणि स्टुअर्ट या दोघांच्या बोलण्यातून निघाली आणि तिचेच पुढे ‘बीटल्स’ झाले.

ऑगस्ट १९६० मध्ये ही मंडळी जर्मनीतील हँबर्ग या बंदराच्या शहरी गेली. तेथील रात्रीच्या क्लबांतून तासन्‌तास वाजवायचे आणि एका चित्रपटगृहाच्या मागच्या कोंदट खोल्यांत पाठ टेकायची, असा तो दिनक्रम होता. स्टुअर्टचे वादन कच्चेच राहिले. रूप आणि ऐट यांमुळे रंगमंचावर तो उठून दिसे. परंतु वाद्यावर हात बसलेला नाही, हे पॉल मॅकार्टनीसारख्या जाणत्या सहकाऱ्याला खटके आणि त्यावरून कुरबुरीही होत. केवळ मैत्रीखातर आपण येथे उभे आहोत, हे स्टुअर्टलाही कळत असले पाहिजे.

याच हँबर्गमध्ये ॲस्ट्रिड किर्शहेर ही छायाचित्रकार तरुणी त्याला भेटली. तिने काढलेली या मुलांची तेव्हाची कृष्णधवल छायाचित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. दोघांची मने जुळली आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांचा वाङ्‌निश्चयही झाला. कपाळावर केस पुढे घेण्याची ढब ॲस्ट्रिडने प्रथम स्टुअर्टला दिली. सोबत्यांनी त्याची थट्टा केली. पुढे तीच ढब ‘बीटल्स’ची म्हणून जगभर गाजली.

१९६१ च्या उन्हाळ्यात स्टुअर्टने निर्णय घेतला. सोबती लिव्हरपूलला परतले. तो हँबर्गमध्येच राहिला आणि तेथील कला महाविद्यालयात दाखल झाला. बेस गिटारची जबाबदारी पॉलकडे गेली. एदुआर्दो पाओलोत्सी हे विख्यात शिल्पकार तेथे शिकवीत होते. तेही मूळचे एडिंबरोजवळचेच. इटालियन आईबापांचे पुत्र. आपल्या उत्तम विद्यार्थ्यांत ते स्टुअर्टची गणना करीत. ॲस्ट्रिडच्या आईने घराचा माळा त्याला चित्रांसाठी मोकळा करून दिला. तेथे रात्ररात्र जागून तो मोठमोठे फलक रंगवू लागला. ही चित्रे अमूर्त आहेत; रंगांचे जाड थर एकमेकांवर चढलेले, गडद छटांमधून मध्येच उजेडाची तिरीप फुटावी तशी. गिटारवर न बसलेला हात येथे निःशंकपणे चालत होता. जॉनशी त्याचा लांबलचक पत्रव्यवहारही सुरूच होता. वाद्यवृंद सुटला तरी मित्र सुटला नाही.

पण हे सुख फार दिवस टिकायचे नव्हते. त्याला असह्य डोकेदुखी जडली. उजेड सहन होईना. १९६२ च्या प्रारंभी वर्गातच तो कोसळला. तपासण्या झाल्या, निदान मात्र होईना. १० एप्रिल १९६२ रोजी रुग्णवाहिकेतून नेत असता, ॲस्ट्रिड शेजारी असताना, त्याने प्राण सोडला. मेंदूतील रक्तस्राव हे कारण ठरले. वय अवघे एकवीस. दुसऱ्याच दिवशी बीटल्सची मंडळी नव्या क्लबातील कार्यक्रमासाठी हँबर्गच्या विमानतळावर उतरली, ती मित्राच्या भेटीची आस धरून. ही वार्ता तेथे त्यांना ॲस्ट्रिडच्याच तोंडून ऐकावी लागली. वडील समुद्रावर होते; त्यांना तर ती कित्येक दिवसांनी कळली.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९६२ मध्ये, बीटल्सची ‘लव्ह मी डू’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

आता कोणी म्हणेल, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागल्याचे हे फळ! थोडी कळ सोसली असती तर कीर्ती आणि संपत्ती दोन्ही पायांशी आली असती. परंतु हा हिशेब आपण मागाहून मांडतो आहोत. १९६१ साली त्या क्लबांत कीर्तीचा मागमूसही नव्हता. दोन्ही डगरींवर पाय ठेवून चालणार नाही, एवढेच त्याला उमगले होते. शिवाय त्याच्या हातचे असे जर काही होते, तर ते चित्रच होते. संगीत हा मित्रप्रेमाने घेतलेला वळसा होता. आपण जिला धरसोड म्हणतो, ती पुष्कळदा आपल्या मूळ वाटेवर परत येण्याची धडपड असते. मुलाने काही सोडले की आपण घरातली वडीलधारी माणसे प्रथम विचारतो, “सोडलेस का?” तो कशाकडे निघाला आहे आणि तेथे त्याचा हात निःशंकपणे चालतो का, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते.

१९६४ मध्ये, ज्या वॉकर आर्ट गॅलरीत स्टुअर्टचे पहिले चित्र विकले गेले, तेथेच त्याच्या चित्रांचे मरणोत्तर प्रदर्शन भरले. १९६७ साली निघालेल्या ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर असंख्य चेहऱ्यांची गर्दी आहे. त्या गर्दीत डाव्या अंगाला त्याचाही चेहरा आहे. सोबत्यांनी त्याची आठवण अशी जपली. त्याची स्वतःची खूण मात्र पाहायची असेल, तर ती हँबर्गमधल्या त्या माळ्यावर वर्षभरात रंगवलेल्या चित्रांतच शोधावी लागते.