धबधबा नावाची कोशिंबीर

थायलंडच्या ईशान्य भागास तेथील लोक 'इसान' म्हणतात. संस्कृतातील 'ईशान' हा शब्दच थाई भाषेत जाऊन हे रूप पावला आहे. वीस प्रांतांचा हा मुलूख देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतो. परंतु जमीन रेताड आणि पाऊस बेभरवशाचा. येथला शेतकरी चिकट भात पिकवतो आणि तोच हाताने मुटके करून खातो. बैल व रेडा ही पूर्वी नांगराची जनावरे. त्यांचे मांस हा रोजचा घास नव्हे. मिळालेले थोडे मांस पुष्कळांना पुरावे आणि प्रत्येक घासाला चव लागावी, या गरजेला शोभावा असा येथील एक पदार्थ आहे. त्याचे नाव 'नाम टोक'. 'नाम' म्हणजे पाणी आणि 'टोक' म्हणजे पडणे. दोन्ही मिळून अर्थ होतो धबधबा. निखाऱ्यावर भाजताना मांसातून जो रस ठिबकतो, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

युरोपीय पद्धतीच्या सॅलडमध्ये स्टेकचे काप पाल्यावर मांडून त्यावर तेल, शिरका आणि चिरलेल्या सुगंधी पानांचे मिश्रण ओततात. नाम टोकमध्ये तेलाचा थेंबही नसतो. मांसाचा स्वतःचा रस हाच येथे मिश्रणाचा पाया. म्हणून तो राखणे हेच या पाककृतीतील खरे कौशल्य होय.

चारशे ग्रॅम मांसाचा, दोन बोटे जाडीचा एकच काप घ्यावा. त्यास थोडे मासळीचे पाणी चोळावे. लहान समुद्री मासे मिठात कित्येक महिने मुरवून जो खारट अर्क काढतात, तो हा. मग निखाऱ्यावर काप बाहेरून चांगला तपकिरी आणि आतून गुलाबी राहील इतपत भाजावा. येथे बहुतेकांचा उतावीळपणा आड येतो. उष्णतेने मांसाचे धागे आकसलेले असतात. तशातच सुरी चालवली तर रस फळीवर वाहून जातो. काप सात-आठ मिनिटे ताटात तसाच ठेवावा, म्हणजे रस किंचित दाटतो आणि बराचसा आतच राहतो. त्यानंतर धाग्यांना आडवे, पातळ तुकडे करावेत. ताटात उतरलेला रस टाकून देणे म्हणजे पदार्थाचे नावच टाकून देणे.

आता तांदळाची पूड. चिकट तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, बदामी रंगावर भाजतात आणि रव्याइतके जाडसर कुटतात. भाजणीसारखाच खमंग वास त्यास येतो. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट जे काम करते, तेच ही पूड करते: सुटलेले पाणी धरून ठेवते आणि दाताखाली कुरकुरते. विकतची बारीक पूड या कामी निरुपयोगी. तिची खळ होते.

पसरट भांड्यात मांसाचा रस, तीन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन चमचे मासळीचे पाणी आणि लहान चमचाभर भाजलेल्या लाल मिरचीची भरड एकत्र करावी. मांसाचे तुकडे कोमट असतानाच त्यात घालावेत. मग चार-पाच बारीक कांद्यांच्या चकत्या, कांद्याची पात आणि दोन चमचे तांदळाची पूड. पुदिना व कोथिंबीर अगदी शेवटी, आणि तीही मूठभर. आंबट रसात पुदिन्याची पाने लौकरच काळवंडतात. दातेरी कडांची, लांब पानांची आणखी एक कोथिंबीर यात पडते. मूळची ती उष्ण अमेरिकेतील. थाई लोक तिला 'फरांग' म्हणजे परकी कोथिंबीर म्हणतात. आपला 'फिरंगी' आणि हा 'फरांग' एकाच गोत्रातले.

1900 साली बँकॉकहून नाखोन राचासिमापर्यंत रेल्वे आली आणि 1958 साली 'मित्रभाप' हा महामार्ग खुला झाला. 'मित्रभाप' म्हणजे मित्रभाव, हे सांगावयास नको. या वाटांनी इसानचे शेतमजूर कामासाठी राजधानीत उतरले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खाणेही आले. त्यांच्या मुरवलेल्या माशांच्या उग्र वासाला शहरी लोक नाके मुरडीत. आज तेच खाणे बँकॉकच्या हातगाड्यांपासून मोठ्या उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र मिळते. तेथील चिनी वंशाचे अनेक लोक क्वान्यिन देवीच्या भक्तीमुळे गोमांस वर्ज्य मानतात; त्यांच्यासाठी डुकराच्या मानेचे मांस वापरतात. अळंब्यांचेही नाम टोक होते. अळंबी प्रखर आचेवर भाजावी. तिचाही रस सुटतो आणि तोही तसाच जपावा लागतो. मासळीचे पाणी नको असेल तर मीठ चालते, मात्र खोली थोडी उणावते.

सोबत कोबीच्या फोडी, काकडी, चवळीच्या कोवळ्या शेंगा आणि बांबूच्या टोपलीतील गरम चिकट भात असतो. तुकडे संपले तरी ताटात आंबट-तिखट रस उरतो. भाताचा लहान मुटका बोटांनी दाबून त्यात बुडवतात आणि ताट पुसून घेतात.