उजेडाची मागणी

ऊर्जासंशोधनातील नेतृत्व सहसा प्रयोगशाळेचा विस्तार, मिळालेले अनुदान आणि शोधनिबंधांची संख्या यांवरून जोखले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य कुमार नारायण रेड्डी (१९३०–२००६) यांचे कार्य या मापांत मावत नाही. ते मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ, म्हणजे वीज आणि रासायनिक क्रिया यांच्या परस्परसंबंधांचे अभ्यासक होते, आणि जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला, १९७० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयाचे प्रमाणभूत पाठ्यपुस्तक ठरला. अशा शाखेत नाव मिळवलेल्या या प्राध्यापकाने १९७४ साली, सतीश धवन संस्थेचे संचालक असताना, ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग सुरू केला आणि चूल, शेण, माती व सरपण यांना संशोधनविषयाचा दर्जा मिळवून दिला.

तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांच्या पाहणीत या गटाला असे आढळले, की गावात लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग सरपणातून येतो आणि तो बहुतांशी स्वयंपाकासाठी खर्च होतो. त्यावर उपाय म्हणून पुरा या गावी सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारले गेले. परंतु गावातील शेणापासून मिळणारा वायू सर्व घरांच्या चुलींना पुरेना, आणि गावकऱ्यांची निकड तर पिण्याच्या पाण्याची होती. तेव्हा योजनेचा हेतूच बदलण्यात आला, आणि १९८७ पासून त्याच वायूवर, थोड्या डिझेलच्या जोडीने, इंजिन चालवून वीजनिर्मिती होऊ लागली. त्या विजेवर विंधण विहिरीचा पंप आणि घरांतील दिवे चालत. शेण देणाऱ्यांना संयंत्रातून बाहेर पडणारी मळी खत म्हणून परत मिळे, त्यामुळे शेताचा वाटा बुडत नसे.

माणसाला किलोवॅट-तास नको असतात, त्याला उजेड, पाणी आणि शिजलेले अन्न हवे असते, हे रेड्डींच्या विचाराचे सूत्र होते. ‘अंतिम उपयोग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दृष्टिकोनात आधी गरज मोजली जाते आणि मग ती कमीत कमी खर्चात कशी भागेल हे ठरवले जाते; कार्यक्षम दिवा बसवून वाचलेली वीजही येथे नव्या वीजकेंद्राइतकीच खरी मानली जाते. कर्नाटकासाठी या पद्धतीने त्यांनी व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पर्यायी आराखड्यात २००० सालची विजेची गरज सरकारी समितीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. मागणीचा फुगवटा हा केवळ हिशेबाचा दोष नसून त्यात मोठ्या प्रकल्पांचे हितसंबंधही असतात, हे अशा तफावतीवरून सहज ध्यानात यावे. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी किमान खर्चाच्या वीजनियोजनाचा अभ्यास याच वाटेने केला.

पुरा येथील व्यवस्था पुढे टिकली नाही, आणि त्याचे खापर गावकऱ्यांवर फोडणे कोणत्याही संशोधकाला सोपे गेले असते. रेड्डींनी मात्र त्या प्रकल्पाचे धडे २००४ साली स्वतःच शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले.