कानाची फोड आणि अर्थाची फोड
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘करीन’ हा आपला रोजचा शब्द. तो सावकाश उच्चारून पाहा. कानाला ‘क’ आणि ‘रीन’ असे दोन तुकडे ऐकू येतात. व्याकरण मात्र ‘कर’ हा धातू आणि ‘ईन’ हा प्रत्यय अशी फोड करते. दोन्ही खऱ्या, एक कानाची, दुसरी अर्थाची. फ्रेंच क्रियापदे शिकताना हा भेद विसरला, तर चांगलीच फसगत होते.

‘आम्ही बोलतो’ याला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘नू पार्लों’. ‘नू’ म्हणजे आम्ही, ‘पार्ल’ हा धातू आणि ‘ओं’ हा प्रत्यय. पण उच्चार होतो ‘पार-लों’. धातूचे शेवटचे व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटते. छापताना ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला, तर तोही कानाच्या फोडीप्रमाणेच तोडतात.

आता ‘आम्ही बोलत होतो’ म्हणायचे आहे. त्याचे रूप ‘नू पार्ल्यों’. उच्चाराचे तुकडे पुन्हा दोनच. पण एकट्या ‘ल्यों’मध्ये तिघांचा संसार आहे: धातूचा उरलेला ‘ल’, भूतकाळ दाखवणारा ‘य’ आणि ‘आम्ही’चा ‘ओं’. तो ‘य’ कानातून निसटला, की कालची गोष्ट आजची होते!

भविष्यकाळी ‘पार्लरों’ होते. कानाला ‘पार-ल-रों’. यातला ‘र’ हा ‘बोलणे’ या मूळ रूपातला. तिथे तो नुसता लिहितात, उच्चारत नाहीत. इथे तो बोलू लागतो. पुढचा ‘ओं’ म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदाचा झिजलेला अवशेष. ‘आमच्यापाशी बोलणे आहे’ अशा जुन्या लॅटिन रचनेतून ‘आम्ही बोलू’ हा अर्थ आला.

याउलट काही प्रत्यय कागदावरच राहतात. मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी लेखनात तीन वेगळी रूपे आहेत. उच्चार मात्र एकच, ‘पार्ल’. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतला फरक इथे कान सांगू शकत नाही, डोळाच सांगतो.

म्हणून फ्रेंच शिकणाऱ्याने वहीत दोन रकाने आखावेत. एकात उच्चाराचे तुकडे लिहावेत, दुसऱ्यात धातू आणि प्रत्यय. पहिल्या रकान्याने जीभ वळते, दुसऱ्याने अर्थ उमगतो. भाषा यायला दोन्ही हवेत.